कॅनडाच्या पीआर फाइलवर अधिकाऱ्याला शंका आली, तर उत्तर कसं द्यायचं

पीआर म्हणजे कॅनडात कायम राहण्याची परवानगी. त्यासाठी एक्स्प्रेस एन्ट्री या ऑनलाइन मार्गातून फाइल टाकून काही महिने झाले की एखाद्या दिवशी खात्यात नवा मेसेज दिसतो. उघडला तर 'प्रोसिजरल फेअरनेस लेटर'. सगळे त्याला पीएफएल म्हणतात. हा नकार नाही. शंका मनात ठेवून परस्पर अर्ज फेटाळणं न्यायाला धरून होत नाही, म्हणून अधिकारी आधी तुमचं म्हणणं मागतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कागद कमी पडले, म्हणजे पोलीस दाखला नाही किंवा कंपनीच्या पत्रात कामाचा तपशीलच नाही, तर पीएफएल पाठवायला अधिकारी बांधलेला नाही. तो सरळ अर्ज परत करू शकतो किंवा नाकारू शकतो. पीएफएल येतं ते कागद आहेत, पण त्यावर विश्वास बसत नाही तेव्हा. म्हणून तेच कागद पुन्हा जोडून 'हे सगळं खरं आहे' असं लिहिल्याने काहीच हलत नाही.

पत्र आलं त्याच दिवशी दोन गोष्टी शोधा. पहिली मुदत. ती कधी ७ दिवसांची असते, कधी ३० दिवसांची, आणि पत्राच्या तारखेपासून मोजायची. दुसरी, कलम कुठलं लिहिलंय ते. फक्त 'तुम्ही या वर्गात बसता याची खात्री पटत नाही' असं असेल, तर वाईटात वाईट म्हणजे अर्ज नामंजूर होईल आणि उद्या पुन्हा भरता येईल. पण इमिग्रेशन कायद्याचं कलम ४० लिहिलं असेल, तर मुद्दा खोट्या माहितीचा आहे. ते सिद्ध धरलं गेलं तर ५ वर्षं कॅनडाचा दरवाजा बंद, आणि त्या काळात पीआरसाठी अर्जही करता येत नाही. अशा पत्राला स्वतः बसून उत्तर लिहू नका. कॅनडातल्या इमिग्रेशन वकिलाकडे किंवा परवानाधारक सल्लागाराकडे जा. गावातल्या एजंटने फॉर्ममध्ये काय भरलं हे आपल्याला माहीत नव्हतं, हा बचाव सहसा टिकत नाही. सही तुमची, जबाबदारी तुमची.

सगळ्यात जास्त शंका येतात त्या नोकरीच्या अनुभवावर. आपल्याकडे एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला, पण इथे एनओसी म्हणजे व्यवसायांचं राष्ट्रीय वर्गीकरण. प्रत्येक कामाला पाच आकडी कोड. नियम असा की कोडच्या सुरुवातीला दिलेलं मुख्य वर्णन तुमच्या कामाला लागू पडलं पाहिजे, आणि खाली दिलेल्या मुख्य कामांपैकी बरीचशी तुम्ही प्रत्यक्ष केलेली पाहिजेत. हुद्द्याला काही किंमत नाही. व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर असून काम कारकुनी असेल तर ते कारकुनीच.

अकाउंट्सवाल्यांचं उदाहरण घेऊ, कारण तिथे घोळ फार होतो. अकाउंटंटचा कोड १११००, आणि तो टीअर १ मध्ये येतो. टीअर म्हणजे कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवावरून ठरलेली पायरी. नोंदी आणि बिलं पाहणाऱ्या अकाउंट्स क्लार्कचा कोड १४२००, तो टीअर ४, म्हणजे कुशल कामात मोजलाच जात नाही. मधे बुककीपर, १२२००, टीअर २. चाकणच्या एखाद्या कारखान्यात टॅलीवर बसणारा माणूस या तिघांपैकी कुठलाही असू शकतो. त्यात कंपनीच्या पत्रात कोडखालची वाक्यं जशीच्या तशी उतरवली असतील, तर अधिकाऱ्याला पहिली शंका तिथेच येते, की हे पत्र कंपनीने लिहिलंय की अर्जदाराने लिहून सहीला दिलंय?

यावर उपाय एकच, रोजचं काम रोजच्या शब्दांत मांडणं. 'आर्थिक विवरणपत्रं तयार केली' हे वाक्य कोणीही लिहील. त्याऐवजी असं लिहून घ्या: दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत टीडीएसचा भरणा, ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी, मार्चअखेर स्टॉकचं मूल्यांकन, घसारा आणि तरतुदी काढून ताळेबंदाचा मसुदा, ऑडिटच्या वेळी सीएंच्या प्रश्नांना उत्तरं, उत्पादनखर्चाचा मासिक अहवाल मालकांपुढे. आणि आठवड्यातले किती तास कशात जातात तेही. असं पत्र कोडमधून उतरवता येत नाही. मात्र वर्षानुवर्षं फक्त बिलं पोस्ट केली असतील, तर हे लिहून घेऊ नका. कोड चुकला असेल, पण माहिती खरी असेल, तर तसं प्रांजळपणे मान्य करणं परवडतं. खोटं काम लिहिणं परवडत नाही.

कंपनीच्या मूळ पत्रात काय हवं ते बहुतेकांना माहीत असतं, तरी राहून जातं: लेटरहेड, कंपनीचा पत्ता, फोन, ईमेल, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, तुमचे सगळे हुद्दे तारखांसह, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ. आपल्याकडचे एचआर 'कामाचा तपशील देणं पॉलिसीत बसत नाही' म्हणून तीन ओळींचं सर्व्हिस सर्टिफिकेट देतात. अशा वेळी ते सर्टिफिकेट, एचआरचा नकाराचा ईमेल, आणि ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या साहेबांचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र अशी तिन्ही एकत्र द्या. साहेब त्याच काळात त्याच कंपनीत होते याचा त्यांचा स्वतःचा पुरावाही जोडा, नाहीतर प्रतिज्ञापत्र लटकं पडतं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराऐवजी पाचशेचा स्टॅम्प लागतो, तेवढं धरून चाला.

पण पत्रापेक्षा वजनदार ते कागद, जे त्या त्या वेळी तिसऱ्याच कोणी तयार केले आणि ज्यात मागाहून फेरफार करता येत नाही. पीएफचं पासबुक आणि यूएएनवरची सर्व्हिस हिस्टरी, फॉर्म १६, २६एएस म्हणजे आयकर खात्याकडची तुमच्या कापलेल्या कराची नोंद, पगार जमा झाल्याच्या ओळी असलेलं बँक स्टेटमेंट. स्टेटमेंटवर पगाराच्या ओळी पिवळ्या करा आणि शेजारी त्या महिन्याची सॅलरी स्लिप ठेवा. आकडा जुळला पाहिजे. कापून घेतलेल्या रकमेमुळे जुळत नसेल तर एका ओळीत कारण लिहा. पगार रोखीने मिळत असेल तर अडचण खरी आहे. तिथे त्या वर्षांची वेळेवर भरलेली रिटर्न्स आणि मस्टरच्या नक्कला कामी येतात. पीएफएल आल्यावर घाईने भरलेलं जुन्या वर्षाचं रिटर्न उलट संशय वाढवतं, कारण भरल्याची तारीख त्यावरच असते.

कंपनी छोटी असेल तर ती खरंच आहे हेही दाखवावं लागतं: गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, पाटी दिसेल असा दुकानाचा किंवा गाळ्याचा फोटो. मराठीतला कागद असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. ते तुम्ही, घरच्यांनी किंवा तुमच्या सल्लागाराने केलेलं चालत नाही.

काही शंका फोनवरून जन्मतात. अधिकारी कंपनीच्या पत्रावरच्या नंबरला फोन करतात, रिसेप्शनवरची मुलगी 'असं कोणी नाही इथे' म्हणून मोकळी होते, आणि तशी नोंद फाइलवर पडते. सही करणाऱ्या माणसाला तुमचं नाव, हुद्दा आणि तारखा माहीत असाव्यात. तो नोकरी सोडून गेला असेल तर कंपनीचं तसं पत्र आणि त्याचा नवा नंबर द्या. कंपनीच बंद पडली असेल तर तेही कागदाने दाखवा.

शंकांची दुसरी मोठी रांग जुन्या अर्जांमुळे लागते. तुम्ही कधी अमेरिकेच्या किंवा दुसऱ्या कुठल्या देशाच्या व्हिसासाठी अर्ज केला असेल आणि तो नाकारला गेला असेल, तर 'कधी व्हिसा नाकारला आहे का' या प्रश्नाला 'नाही' लिहिणं हे कलम ४० चं ठरलेलं आमंत्रण. कॅनडा, अमेरिका यांसारखे देश आपापसांत माहिती देतात-घेतात. नकार दहा वर्षांपूर्वीचा असो वा विद्यार्थीदशेतला, सांगायचाच. जुन्या टूरिस्ट व्हिसाच्या फॉर्मवर लिहिलेली नोकरी आणि आताची नोकरी यांच्या तारखा जुळत नसतील, तर कुठली बरोबर आणि का, हे पुराव्यासह सांगा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या पीएफमध्ये माहेरचं नाव असतं. त्यासाठी विवाह दाखला पुरतो.

उत्तर लिहिताना पत्रातली शंका जशीच्या तशी उचलून वर ठेवा, खाली तुमचं उत्तर, मग पुराव्याचा क्रमांक आणि पान. शंका तीन असतील तर मथळे तीनच. विचारलेलं नाही ते आणू नका. शिक्षणावर प्रश्न नसताना पदव्यांची थप्पी जोडली की मूळ मुद्दा तिच्याखाली गाडला जातो. विनवण्या नकोत, रागही नको. उत्तर दोन पानांचं, बाकी जोडपत्रं, आणि सगळ्याची मिळून अनुक्रमणिकेसह एकच पीडीएफ.

मुदत पुरत नसेल तर ती संपायच्या आत वाढ मागा, आणि कशासाठी ते दाखवा: एचआरला पाठवलेला ईमेल, पीएफ ऑफिसची पोच. वाढ मिळेलच असं नाही, म्हणून हाताशी आहे तेवढं उत्तर मूळ मुदतीत टाकून ठेवणं शहाणपणाचं. फाइलवरच्या अधिकाऱ्याच्या नोंदी, ज्यांना जीसीएमएस नोट्स म्हणतात, कॅनडाच्या माहितीच्या कायद्याखाली मागता येतात. कॅनडातल्या ओळखीच्या माणसाने तुमच्या संमतीपत्रावर मागितल्या तर फी ५ डॉलर. त्यांना साधारण ३० दिवस लागतात, म्हणजे ७ दिवसांच्या पत्राला त्यांचा उपयोग नाही. पण पुढे नकार आला तर वकील पहिल्यांदा त्याच मागतो.

उत्तर पत्रात सांगितलेल्या मार्गानेच पाठवा, आणि पाठवल्याचा स्क्रीनशॉट व पोच जपून ठेवा. नकार आला तर कॅनडाच्या फेडरल कोर्टात जाण्याची परवानगी मागण्यासाठी निर्णय कळल्यापासून कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाला ६० दिवस मिळतात, कॅनडात झालेल्याला फक्त १५. कोर्टात नवा पुरावा सहसा घेत नाहीत. अधिकाऱ्यासमोर जे ठेवलं होतं, तेवढ्यावरच तिथे निवाडा होतो.