बँक लिलावात फ्लॅट शोधताय? मग या चुका टाळा

लिलावाची जाहिरात दिसली की सगळे आधी राखीव किंमत बघतात आणि मनातल्या मनात नफा मोजायला लागतात. अहो, ती फक्त बोलीची सुरुवात असते, त्या दिवशी अजून दोन हट्टी माणसं आली की स्वस्ताई गायब.

खरी गोची ताब्याची. नोटिशीत कुठेतरी ‘सांकेतिक ताबा’ असं बारीक अक्षरात असतं, म्हणजे सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जासाठी तारण जागा ताब्यात घेऊन विकायचा बँकांचा कायदा) बँकेने दारावर नोटीस चिकटवलीय, पण आत कर्जदार नाहीतर त्याचा भाडेकरू मजेत राहतोय. तुम्ही सगळे पैसे भरले, सेल सर्टिफिकेटही आलं, पण किल्ली कुठाय? त्यासाठी याच कायद्याच्या कलम १४ खाली बँकेचा जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग आदेश, मग पोलीस बंदोबस्त, आणि मध्येच कर्जदार डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला की बसा वाट बघत. पहिल्यांदाच घेत असाल तर प्रत्यक्ष ताबा असलेलीच जागा बघा, थोडी महाग पडली तरी.

तोच फ्लॅट परत परत लिलावात येतोय आणि किंमत उतरतेय, याला लोक लॉटरी समजतात. आधीच्यांनी का सोडला ते शोधा ना! सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा, आत कोण राहतं आणि मेंटेनन्स किती थकलाय ते पोर्टलवर नाही, तिथेच कळतं. विक्री ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर असते, त्यामुळे थकबाकी बहुतेक वेळा तुमच्याच गळ्यात. सर्च रिपोर्टही (जागेच्या मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) स्वतःच्या वकिलाकडून काढा, बँकेने कर्ज दिलं होतं म्हणजे टायटल क्लिअरच असणार हा भाबडेपणा झाला.

पैशांचं तर विचारूच नका. बोलीत उतरण्याआधी भरायची इसारा रक्कम बहुतेक १० टक्के, बोली लागली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी ती धरून २५ टक्के, आणि उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळू शकते, पण ३ महिन्यांच्या पुढे नाही, आणि चुकलात तर भरलेले पैसे जप्त. होम लोन नंतर बघू म्हणणारे इथेच अडकतात.

आणि शेतजमीन दिसली तर जरा थांबाच, सरफेसी शेतजमिनीला लागूच होत नाही.