घरचे व्हिडिओ टीव्हीवर नीट कसे दाखवावेत आणि नातेवाइकांना शाबूत कसे द्यावेत

मुंजीची जुनी कॅसेट, बारशाला हँडीकॅमने केलेले चित्रीकरण आणि गणपतीतल्या आरतीचे मोबाइलवर टिपलेले तुकडे हे सगळे टीव्हीवर एकत्र बसून पाहता यावे आणि त्याची एकेक प्रत काका-मावशांकडेही जावी, यासाठी महागडे यंत्र लागत नाही. संगणक, व्हिडिओची फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलून देणारे हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक पेनड्राइव्ह एवढ्यावर काम भागते. मात्र या बाबतीत सर्रास दिले जाणारे दोन सल्ले आधीच बाजूला ठेवावेत. 'मोबाइलचा स्क्रीन टीव्हीवर मिरर करा' हा पहिला. मिररिंग करताना फोन आपल्या पडद्याचे चित्र त्या क्षणी नव्याने दाबून (कॉम्प्रेस करून) वायफायवरून पाठवत असतो, त्यामुळे ते मधूनच फाटते, आणि ऐन कार्यक्रमात कोणाचा फोन आला की सगळेच थांबते. 'व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून द्या' हा दुसरा, आणि तो अधिक घातक आहे, कारण तिथे गॅलरीतून पाठवलेला व्हिडिओ इतका दाबला जातो की मोबाइलच्या पडद्यावर तो खपून गेला तरी पंचावन्न इंची टीव्हीवर चेहरे ओळखू येत नाहीत. व्हॉट्सॲपच वापरायचे असेल तर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. २ जीबीपर्यंतची फाइल अशी मूळ स्वरूपात जाते.

मूळ फाइल मिळवणे

मोबाइलमधला व्हिडिओ केबल लावून थेट संगणकावर घ्यावा. स्टुडिओवाल्यांनी दिलेली डीव्हीडी असेल तर तिच्यातले 'व्हिडिओ टीएस' हे फोल्डर संपूर्ण उतरवून घ्यावे. कॅसेट बाहेरून डिजिटल करून घेणार असाल तर दुकानदाराला स्पष्ट सांगावे की कॅप्चर केलेली, म्हणजे कॅसेटवरून संगणकावर उतरवलेली, फाइल जशीच्या तशी हवी, तिच्यात 'सुधारणा' करून नकोत. मिनीडीव्हीची (हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल कॅसेटची) एक तासाची कॅसेट संगणकावर साधारण १३ जीबी जागा घेते; त्याच कॅसेटची १ जीबीची फाइल हातात पडली, तर मधले बरेच काही गेले आहे असे समजावे. ही मूळ फाइल एका वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवावी आणि पुढचे सगळे काम तिच्या प्रतीवर करावे. काम झाले म्हणून कॅसेट टाकून देऊ नये.

जुन्या चित्रीकरणातल्या विस्कटलेल्या कडा

या संपूर्ण कामात मला सर्वाधिक झुंजवले ते याच टप्प्याने, आणि बहुतेक मार्गदर्शक लेख त्याचा साधा उल्लेखही करत नाहीत.

व्हीएचएस, हाय-८ आणि मिनीडीव्ही या काळातल्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण इंटरलेस्ड असते. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीत एका सेकंदाला २५ चित्रे असतात, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत टिपलेले असते: आधी एकाआड एक अशा निम्म्या ओळी आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या निम्म्या. जुना ट्यूबचा टीव्ही या दोन हप्त्यांतल्या ओळी एकामागून एक दाखवत असे, म्हणून हालचाल गुळगुळीत भासत असे. आजचा सपाट पडदा पूर्ण चित्र एकदम दाखवतो, आणि मग वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत घुसतात. बटू पाटावर स्वस्थ बसलेला असेपर्यंत काहीच खटकत नाही; पण भिक्षावळीच्या वेळी तो झोळी पुढे करतो, त्या क्षणी त्याच्या हाताची कड फणीच्या दातांसारखी फुटते, आणि त्याच्या समोरून कोणी लगबगीने गेले की साडीचे काठ आडव्या रेघांत विरून जातात. कॅसेट खराब झाली, असे मानून लोक हळहळतात. कॅसेट खराब झालेली नसते. दोन हप्ते नीट सुटे करायचे राहिलेले असतात.

काही टीव्ही हे काम स्वतः करतात, पण पेनड्राइव्हवरच्या फाइलच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नये, कारण फाइल इंटरलेस्ड असल्याची खूण तिच्यात चुकीची असेल किंवा नसेलच, तर टीव्हीला ते कळत नाही. म्हणून हँडब्रेकमध्ये फाइल उघडल्यावर फिल्टरच्या पानावर जाऊन 'इंटरलेस डिटेक्शन' बंद करावे, 'डीइंटरलेस'मध्ये 'यॅडिफ' निवडावे आणि त्याच्या प्रिसेटमध्ये, म्हणजे तयार पर्यायांत, 'बॉब' घ्यावे. त्यानंतर व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रे तो आकडा) ५० करून त्याखालचा 'कॉन्स्टंट' हा पर्याय निवडावा. 'बॉब' आणि ५० ही जोडी अजिबात सोडू नये. नेहमीच्या प्रिसेटने दातेरी कडा जातात हे खरे, पण दोन हप्त्यांचे मिळून एकच चित्र उरते आणि हालचालीतला निम्मा जिवंतपणा नाहीसा होतो. लेझीम खेळणारी मुले अडखळत खेळल्यासारखी दिसतात. कॅमकॉर्डर नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेला असेल तर चित्रीकरण एनटीएससी पद्धतीचे असते. तिथे ५० ऐवजी ५९.९४ निवडावे.

सगळी फाइल एकदम बदलायला लावू नये. जिथे कोणी पळते, नाचते किंवा हात हलवते असा अर्ध्या मिनिटाचा भाग निवडून तेवढाच बदलावा आणि संगणकावर नव्हे, टीव्हीवर पाहावा. हालचाल एक पाऊल पुढे, अर्धे मागे अशी थरथरत असेल तर हप्त्यांचा क्रम उलटा लागला आहे. मिनीडीव्हीमध्ये खालच्या ओळींचा हप्ता आधी असतो, तर इतर बऱ्याच कॅप्चरमध्ये वरच्या ओळींचा, आणि या फरकामुळे गोंधळ होतो. अशा वेळी 'यॅडिफ'च्या 'कस्टम' पर्यायात क्रम हाताने बदलता येतो.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्यावा. इंटरलेस्ड फाइल सुटी करण्याआधीच कोणी मोठी करून 'फुल एचडी' केली, तर दोन हप्त्यांच्या ओळी एकमेकींत कायमच्या कालवल्या जातात आणि मग कोणतेही सॉफ्टवेअर त्या वेगळ्या करू शकत नाही. डिजिटल करून देणारे अनेकजण नेमके हेच करतात आणि त्याचे जास्त पैसेही घेतात. अशी फाइल मिळाली असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता मूळ कॅप्चर पुन्हा मागावे. कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरे स्वच्छ करून देणाऱ्या ॲपलाही माझा ठाम विरोध आहे. अंधूक चेहऱ्यात ते नसलेले तपशील भरतात, आणि आजोबांच्या जागी त्यांच्यासारखा दिसणारा कोणी परकाच मनुष्य बसलेला दिसतो.

आकार, आवाज आणि फाइलचा प्रकार

पाल चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असले तरी ते ठिपके चौकोनी नसतात, आणि फाइलमधली ही नोंद अनेक टीव्ही वाचत नाहीत. त्यामुळे हँडब्रेकमध्ये 'ॲनामॉर्फिक' बंद करून जुन्या चौकोनी चित्राची रुंदी ७६८ आणि रुंद चित्राची १०२४ ठेवावी. उंची ५७६ राहू द्यावी. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या घालवण्यासाठी चित्र ताणू नये. घरातली सगळी माणसे बसकी आणि रुंद दिसण्यापेक्षा पट्ट्या केव्हाही बऱ्या. उभ्या मोबाइल व्हिडिओच्या बाजूंना धूसर चित्र भरण्याची पद्धतही मला पटत नाही, कारण नजर सारखी त्या हलत्या कडांकडे जाते.

जुन्या कॅसेटचा आवाज पुष्कळदा डाव्याच स्पीकरमधून येतो. ऑडिओच्या पानावर 'मोनो, लेफ्ट ओन्ली' निवडले की तो दोन्हीकडून ऐकू येतो.

फाइल एमपी४, चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी हा संच घ्यावा. एचईव्हीसी या नव्या, अधिक दाबणाऱ्या पद्धतीने जागा वाचते, पण मामांकडचा दहा वर्षांपूर्वीचा टीव्ही ती फाइल उघडेलच असे नाही, आणि प्रत सगळ्यांसाठी करायची आहे. २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून नव्या आयफोनवर व्हिडिओ एचईव्हीसीमध्येच टिपले जातात, त्यामुळे तेही असेच बदलून घ्यावेत. दर्जाचा आरएफ हा आकडा २० ठेवावा. तो जितका कमी, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. पुढच्या समारंभापूर्वी आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमधले 'एचडीआर व्हिडिओ' बंद करावे, नाहीतर साध्या टीव्हीवर पैठणीचा रंग धुऊन निघाल्यासारखा फिका दिसतो.

पेनड्राइव्ह

पेनड्राइव्ह एफएटी३२ या फाइल साठवण्याच्या पद्धतीत फॉरमॅट करावा. या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या आतच लागते, म्हणून लांब कार्यक्रमाचे सीमांतपूजन, लग्न, जेवण असे भाग करावेत. पाहणाऱ्यालाही तेच सोयीचे जाते. फाइलचे नाव रोमन अक्षरांत ठेवावे आणि सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी, म्हणजे जुन्या टीव्हीवर नावाच्या जागी चौकटी दिसत नाहीत आणि क्रमही बिघडत नाही.

टीव्हीचे सेटिंग

इथे दोनच गोष्टी बदलायच्या आहेत. हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. तिला सॅमसंगच्या टीव्हीत 'ऑटो मोशन प्लस', एलजीच्या टीव्हीत 'ट्रूमोशन' आणि सोनीच्या टीव्हीत 'मोशनफ्लो' म्हणतात. दुसरे म्हणजे चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर 'जस्ट स्कॅन' किंवा 'फिट टू स्क्रीन' निवडावे. त्यानंतर व्हीएचएसच्या चित्रात तळाशी फडफडणारी बारीक पट्टी दिसली तर घाबरू नये; ती कॅसेटवर पहिल्यापासून असते आणि जुने टीव्ही ती चौकटीआड लपवत असत.

दूरच्या नातेवाइकांसाठी

यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवलेला व्हिडिओ लिंक हाती लागलेल्या कोणालाही पाहता येतो, त्यामुळे लहान मुलांच्या चित्रीकरणासाठी मी तो मार्ग सुचवत नाही. शिवाय लग्नाच्या व्हिडिओत स्टुडिओवाल्यांनी फिल्मी गाणी भरलेली असली की तो काही देशांत अडवला जाऊ शकतो. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा मोफत असते, पण ती जीमेल आणि फोटोंसह मिळून मोजली जाते. फोल्डर ठरावीक ईमेल पत्त्यांनाच उघडे करावे आणि सोबत स्पष्ट लिहावे की फाइल डाउनलोड करून, पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावायची आहे; ड्राइव्हमध्येच 'प्ले' दाबले तर गूगलने स्वतः दाबून तयार केलेली प्रत दिसते, आणि इतके निगुतीने सुटे केलेले चित्र त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.