आयडिया सुचत नाही? लॅपटॉप शेवटी उघडा

अंधेरीतल्या एका छोट्या जाहिरात एजन्सीत डिझाईन टीम बघतो मी, पाच जण आहोत. ब्रीफ (क्लायंटला काय हवंय त्याचा कागद) आला रे आला की सगळे पिंटरेस्टवर फोटो शोधायला, आणि तासाभराने पाचही स्क्रीनवर तेच फिकट गुलाबी बॅकग्राऊंड आणि हवेत तरंगणारा तोच मोदक. गणपतीच्या आधी तर विचारूच नका. शेवटी नियम केला, लॅपटॉप सगळ्यात शेवटी.

पहिलं काम म्हणजे ब्रीफ बारीक करायचा. "यूथला आवडेल, प्रीमियम वाटेल पण परवडेल असं" यातून कुणालाही काही सुचणार नाही, देवालाही नाही. एका माणसावर या. समजा फरसाणाचं पाकीट आहे, तर लिहायचं: संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये उभी असलेली बाई, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात पर्स. आता पाकीट एका हाताने फुटेल का इथपासून विचार सुरू होतो, आणि हेडलाईन बऱ्याचदा तिथेच सापडते. बंधनं जास्त असली की डोकं जास्त चालतं हे माझं ठाम मत आहे. अमूलची मुलगी बघा ना, 1966 पासून तोच ठिपक्यांचा फ्रॉक, तीच निळ्या केसांची पोनी, चार शब्दांची कोटी, तरी होर्डिंग बदललं की मान वळतेच.

मग मीटिंग? लगेच नाही! आधी प्रत्येकाने एकट्याने 20 मिनिटं कागदावर लिहायचं, निदान 15 आयडिया, फालतू चालतील. पहिल्या पाचसहा सगळ्यांच्या सारख्याच येतात, खरी मजा दहाव्याच्या पुढे. ब्रेनस्टॉर्मिंग हा प्रकार ॲलेक्स ऑसबॉर्न नावाच्या अमेरिकन ॲडवाल्याने लोकप्रिय केला, पण 1958 मध्ये येल युनिव्हर्सिटीत तपासलं तर चार जण एकत्र बसण्यापेक्षा चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या आयडिया एकत्र केल्या की जास्त भरल्या. आमच्याकडे तर सीनियर आधी बोलला की बाकीचे नुसते माना डोलावतात (तो सीनियर मीच, म्हणून आता मी शेवटी बोलतो).

महिन्यातून एक दुपार बाहेर काढा, फोनने फोटो काढत फिरा. क्रॉफर्ड मार्केटमधले हाताने लिहिलेले भाव, चोर बाजारातली जुनी सिनेमाची पोस्टरं. आणि डबेवाल्यांच्या डब्याचं झाकण नक्की बघा, रंग, आकडे आणि अक्षरं एवढ्यावर स्टेशन, बिल्डिंग, मजला सगळं कळतं, पूर्ण पत्त्याची गरजच नाही. ॲपचे आयकॉन करणाऱ्याने अर्धा तास त्या झाकणाकडे बघत बसावं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, देवनागरी. आपल्याकडे होतं काय, लेआऊट इंग्रजीत पास होतो आणि रात्री अकराला मेसेज येतो, "मराठी ॲडॅप्ट करून दे". मग वेलांट्या कापल्या जातात, उकार खालच्या ओळीत घुसतात, कुणीतरी अक्षरांमधलं स्पेसिंग वाढवतो आणि शिरोरेषा तुटते, बघवत नाही. त्यापेक्षा मराठीतच सुरुवात करा, ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, आणि फॉन्ट निवडताना "दुर्मीळ", "राष्ट्रीय", "हृदय" असे अवघड अक्षरांचे शब्द टाईप करून बघा. एक टाईप या मुंबईच्याच टीमचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट फुकट आहेत, तिथून सुरू करा. कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूरसुद्धा मराठीतच सुचू द्या, हिंदी ओळीचं मराठी केलं की ती अनाउन्समेंटसारखी वाटते. आणि अक्षरातून मूड कसा येतो ते शिकायचं असेल तर कमल शेडगेंनी काढलेली नाटकांची नावं बघा, नाव वाचायच्या आधीच नाटकाचा मूड कळतो.

एवढं झालं की लॅपटॉप उघडा, तोपर्यंत काय करायचंय ते माहीत असतं त्यामुळे काम पटकन होतं.

शेवटी प्रिंट काढून भिंतीला लावा, दहा पावलं मागे जा. खालच्या चहावाल्याला तीन सेकंद दाखवून कागद उलटा करा आणि काय वाचलं ते विचारा. आवडलं का असं मात्र विचारू नका, तो बिचारा हो म्हणेल, त्याला चहाचे पैसे घ्यायचे असतात.