टेक्सासात गुरं पाळताय? कुरण वाळलं तर एलएफपीचे पैसे कसे घ्यायचे

इकडे टेक्सासात आपल्यातल्या काही जणांनी हौसेने शहराबाहेर जमीन घेतलीये, कोणी दहा-वीस गाई ठेवल्यात कोणी शेळ्या, आणि उन्हाळ्यात गवत करपलं की वाळल्या गवताचे गठ्ठे विकत आणून आणून खिसा रिकामा. त्यासाठी यूएसडीएची (म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याची) स्कीम आहे, लाइव्हस्टॉक फॉरेज डिझास्टर प्रोग्रॅम, सगळे एलएफपीच म्हणतात. हा इन्शुरन्स नाही, प्रीमियम वगैरे काही भरायचा नसतो.

आधी एक डोक्यातून काढा, कोणी येऊन तुमच्या रानाचा पंचनामा करणार नाहीये. आपल्याकडे पैसेवारी कशी अख्ख्या गावाची लागते, तसं इथे काउंटीचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) चालतं. दर गुरुवारी यूएस ड्रॉट मॉनिटरचा दुष्काळाचा नकाशा येतो (डी२ तीव्र, डी३ त्याहून वाईट, डी४ सगळ्यात वाईट), त्यात तुमच्या काउंटीच्या कुठल्याही कोपऱ्यात चराईच्या सीझनमध्ये सलग ४ आठवडे डी२ दुष्काळ दिसला की १ महिन्याचे पैसे, ८ पैकी ७ आठवडे दिसला तर २ महिन्यांचे (हे २०२५ पासून, आधी एका महिन्यासाठीच सलग ८ आठवडे लागायचे). डी३ एकदा जरी आला तरी ३ महिने, डी३ चार आठवडे टिकला किंवा डी४ नुसता टेकून गेला तर ४, आणि डी४ चार आठवडे असला तर ५, त्याच्यावर नाही. म्हणजे तुमचं कुरण हिरवं असून पैसे येऊ शकतात आणि शेजारच्या काउंटीत सगळं करपूनही एक डॉलर नाही, असंही होतं. चराईचा सीझन गवताच्या प्रकारावर ठरतो आणि तो काउंटीगणिक वेगळा, तो काउंटीच्या एफएसए (फार्म सर्व्हिस एजन्सी, यूएसडीएचाच विभाग) ऑफिसातच विचारा.

आता खरी गोम. पैसे मिळतात गुरांच्या मालकाला, जमिनीच्या नाही. प्रॉपर्टी टॅक्स कमी लागावा म्हणून बरेच जण जमीन दुसऱ्याच्या गाईंना चरायला भाड्याने देतात, त्यांनी इथे आशा धरू नये, क्लेम गाईवाल्याचा. गुरं दुष्काळ लागायच्या आधी ६० दिवसांत तुमची असायला हवीत आणि धंद्यासाठी पाळलेली हवीत, पोरांना फिरवायला ठेवलेला घोडा चालत नाही. फीडलॉटमधली (कोंडून, चारा घालून पोसलेली) जनावरंही नाही. दुष्काळामुळे आधीच्या एक-दोन वर्षांत गुरं विकावी लागली असतील तर त्यांचेही मिळतात, पण ८० टक्के दराने.

हिशोब असा, गुरांच्या महिन्याच्या चाऱ्याचा खर्च आणि तुमच्या जमिनीची चारा पुरवायची ताकद, यातलं जे कमी त्याच्या ६० टक्के. समजा काउंटीने एका गाईला १० एकर धरलेत आणि तुमच्या १०० एकरांत २५ गाई आहेत, तर पैसे १० गाईंचेच. वर्षाला माणशी कमाल १,२५,००० डॉलर, आणि इन्कम सरासरी ९ लाख डॉलरच्या वर असेल तर सहसा बाद (एवढं असेल तर गवत विकत घ्या की राव).

काम काय करायचं तर काउंटीच्या एफएसए ऑफिसात जाऊन सगळ्यात आधी फार्म नंबर घ्या आणि कुरणाचा अ‍ॅक्रेज रिपोर्ट (किती एकरांत काय आहे त्याची नोंद) भरा, दुष्काळ असो नसो. आम्ही पहिल्या वर्षी हेच टाळत बसलो आणि मग ऐनवेळी कागदं गोळा करता करता नाकीनऊ आले. जमीन भाड्याची असेल तर लीज लेखी करून घ्या, तोंडी व्यवहार सिद्ध करणं फार जड जातं. गुरं किती कधी होती हे दाखवायला खरेदी-विक्रीच्या पावत्या, डॉक्टरची बिलं सगळं एका फाइलला लावा. मग एलएफपीच्या अर्जाचा सीसीसी-८५३ फॉर्म, सोबत इन्कमचा आणि फार्म ऑपरेटिंग प्लॅनचा फॉर्म, ते ऑफिसवालेच काढून देतात. मुदत साधारण पुढच्या वर्षीच्या १ मार्चपर्यंत असते पण फेब्रुवारीत तिथे अपॉइंटमेंट मिळायची मारामार, काउंटी पात्र झाली की त्याच महिन्यात फोन लावा. आणि टँकरने पाणी आणायचा खर्च यात धरत नाहीत, त्याला ईएलएपी नावाची वेगळी स्कीम आहे, त्याच खेपेत तीही विचारून घ्या.