आफ्रिकेच्या पुरातत्त्व परिषदेसाठी गोषवारा कसा लिहावा

आधी परिषद ठरवा. १९४७ साली पुरातत्त्वज्ञ लुई लीकींनी नैरोबीत भरवलेल्या सभेपासून चालत आलेली अखिल-आफ्रिकी परिषद आणि आफ्रिकनिस्ट, म्हणजे आफ्रिकेचा अभ्यास करणाऱ्या, पुरातत्त्वज्ञांच्या सोसायटीची परिषद, ही दोन मुख्य ठिकाणं. २०१० साली डाकारला आणि २०१४ साली जोहान्सबर्गला त्या एकत्र भरल्या. तुमच्या विषयाला जवळचं सत्र शोधा, मुदत वहीत लिहा.

आता गोषवारा, म्हणजे परिषदेत मांडायच्या संशोधनाचा छोटा सारांश. 'आधी पार्श्वभूमी मांडा' हा सल्ला मलाही मिळाला होता. मी तो पाळला आणि नकार आला. विषय होता पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे काचमणी. अडीचशे शब्दांतले दीडशे मी हिंदी महासागरातल्या व्यापाराच्या इतिहासावर घालवले होते. तो इतिहास तपासणाऱ्यांना पाठ असतो. त्यांना हवं असतं ते एवढंच: मणी कुठल्या थरातले, किती, काच कशी तपासली, निघालं काय. पहिल्या वाक्यात प्रश्न, दुसऱ्यात स्थळ आणि साहित्य, तिसऱ्यात पद्धत. उरलेली सगळी जागा निष्कर्षाला द्या. 'तपासले जाईल', 'प्रकाश टाकला जाईल' अशी वाक्यं दिसली की खोडा. निष्कर्षच हातात नसेल तर यंदा पाठवू नका, पुढच्या खेपेला पाठवा.

दावा मात्र पुराव्याएवढाच करा. तिकडच्या काही मण्यांची काच आपल्या चौलला सापडलेल्या मण्यांच्या काचेशी रासायनिकदृष्ट्या जुळते. म्हणून 'हे मणी चौलला बनले' असं लिहाल तर पहिल्याच प्रश्नात अडकाल. कच्ची काच एकीकडे आणि मणी दुसरीकडे बनू शकतो. 'काच जुळते' एवढंच लिहा. तेही मोठं सांगणं आहे.

आणि वस्तू ज्या देशातल्या, तिथल्या सहकाऱ्यांची नावं लेखकांत हवीत. उत्खनन त्यांचं, संग्रह त्यांचा आणि आपण नुसते आभार मानायचे, हे मला अजिबात मान्य नाही. मसुदा त्यांना दाखवल्याशिवाय पाठवू नका. माझ्या मसुद्यातला थरांचा क्रम अशाच एका सहकाऱ्याने दुरुस्त केला होता.

विद्यार्थी पारितोषिकाचे नियम वेगळे वाचा. पूर्ण निबंध आधी मागितलेला असू शकतो, आणि तो आठवड्यात लिहून होत नाही.

परिषद केनिया किंवा सेनेगलला असेल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवा. परतताना भारतात तेच मागतात.