छोट्या बेटावर जायच्या आधीची तयारी

छोट्या बेटावर जायचं ठरलंय ना, मग बॅग काढायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. तिथे नेलेला कचरा आपोआप नाहीसा होत नाही, तो तिथेच पुरतात किंवा जाळतात, नाहीतर बोटीने परत पाठवतात आणि त्याचा खर्च बेटावरच्या लोकांच्या डोक्यावर. त्यामुळे खरी तयारी घरातच होते, तिथे पोचल्यावर फार काही हातात राहत नाही.

तिकिटांपासून सुरुवात करा. लांबच्या बेटावर जाताना सगळ्यात जास्त प्रदूषण विमानानेच होतं, म्हणून दोन-तीन छोट्या ट्रिपा मारण्यापेक्षा एकदाच जा आणि निवांत राहा. शक्य असेल तर थेट विमान घ्या, कारण प्रत्येक टेकऑफला भरपूर इंधन लागतं. आणि शेवटच्या टप्प्याला सगळ्यांची नेहमीची फेरी असेल तर फक्त आपल्यासाठी वेगळी स्पीडबोट कशाला?

राहायची जागा बुक करताना फोटो नंतर बघा, आधी मेसेज टाकून विचारा की सांडपाणी कुठे सोडता, पाणी कुठून येतं, वीज सोलरची की डिझेल जनरेटरची. विचारायला लाजू नका. फिलिपिन्समधलं बोराकाय बेट २०१८ मध्ये सरकारने सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवलं होतं, कारण हॉटेलांचं सांडपाणी थेट समुद्रात जात होतं. पाण्याचं तर अजूनच नाजूक असतं. सपाट कोरल (प्रवाळ) बेटांवर नदी वगैरे नसते, पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो, तेवढाच काय तो साठा. उपसा जास्त झाला की खालून खारं पाणी वर चढतं आणि विहिरी बिघडतात, मग पुढे चांगला पाऊस होऊन तो थर पुन्हा भरेपर्यंत गावाने काय करायचं? म्हणून मी तरी स्विमिंग पूलवालं रिसॉर्ट घेणारच नाही, चारी बाजूंनी समुद्र असताना पूल हवाच कशाला. कोरड्या महिन्यांत जाणार असाल तर रोज टॉवेल-चादरी बदलू नका असं आधीच सांगून ठेवा.

आता सनस्क्रीन, यावर जरा वेळ घालवा. ट्यूब उलटी करून मागचे घटक वाचा, ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट ही कोरलला घातक मानली जाणारी रसायनं दिसली तर ती घरीच ठेवा. पलाऊ देशाने अशा घटकांच्या सनस्क्रीनवर १ जानेवारी २०२० पासून बंदी घातली, हवाईमध्ये २०२१ पासून या दोन्ही घटकांच्या सनस्क्रीनची विक्री बंद झाली. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात रीफ सेफ, म्हणजे कोरलला सुरक्षित, लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, त्या शब्दाला ठरलेलं असं काही मानक नाही, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड आहे का ते बघा. कोरलला सगळ्यात मोठा धोका तापत चाललेल्या समुद्राचा आहे हे मान्य, पण तो ताण आधीच सोसणाऱ्या कोरलवर आपण अजून भर का टाकायची? त्याहून सोपा उपाय म्हणजे पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टॉप आणि मोठी टोपी, म्हणजे क्रीम फक्त तोंडाला आणि हातापायाच्या उघड्या भागाला लावायची.

बॅगेत पाण्याची पक्की बाटली हवीच, शक्यतो फिल्टरवाली. डबा, चमचा, कापडी पिशवी, साबणाची वडी, रिचार्जेबल सेल, पाळीसाठी कप किंवा कापडी पॅड. वेट वाइप्स नेऊ नका, बऱ्याच वाइप्समध्ये प्लास्टिकचे धागे असतात. नवीन घेतलेल्या वस्तूंची वेष्टनं घरीच काढून टाका, निदान तेवढा कचरा तरी बेटावर जाणार नाही. आणि ट्रेकिंगचे बूट, तंबू, बॅगेचे कप्पे घासून धुऊन वाळवून घ्या, हे सगळेच विसरतात! चिखलातल्या बिया, मुंग्या, किडे बेटावर पोचले की त्यांना खाणारं तिथे बऱ्याचदा कोणी नसतं. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर मालासोबत ब्राउन ट्री स्नेक नावाचा साप पोचला आणि त्याने तिथल्या जंगलातले जवळजवळ सगळे स्थानिक पक्षी संपवले. एका सापाच्या जातीने एवढं केलं, म्हणून बूट धुवायला दहा मिनिटं द्याच.

टॉर्च घेताना लाल उजेडाची घ्या. समुद्री कासवाची पिल्लं रात्री अंड्यातून निघून उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे जातात, किनाऱ्यावरच्या पांढऱ्या लाइटमुळे ती समुद्र सोडून उलट्या दिशेने चालत सुटतात. कासवांचा सीझन असेल तर रात्री वाळूत फ्लॅश मारून फोटो काढणं बंदच, आणि खोली किनाऱ्याला लागून असेल तर पडदे ओढून घ्या.

स्नॉर्कलिंग करणार असाल तर मास्क स्वतःचा घ्या आणि जायच्या आधी तलावात सराव करा, उभं न राहता तरंगत राहता आलं पाहिजे. पाण्यात गोंधळलेला माणूस पहिला पाय कोरलवर टेकवतो. दगडासारखं दिसणारं भरीव कोरल वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं, कधी त्याहूनही कमी, त्यामुळे पायात घातलेल्या फिन्सच्या एका फटक्याने किती वर्षांची वाढ मोडते ते बघा. थायलंडचा माया बे हा किनारा २०१८ ला बंद केला तो याचसाठी, बोटी आणि गर्दीने कोरलची वाट लागली होती, पर्यटकांसाठी तो २०२२ मध्ये उघडला. बोट ठरवताना अँकर (नांगर) टाकता की मूरिंगला, म्हणजे तिथे आधीच बसवलेल्या तरंगत्या बोयाला, बांधता हे विचारून घ्या. माशांना ब्रेड घालणारी टूर असेल तर सरळ नाही म्हणा, मुलं हट्ट करत असली तरी.

शिंपले-कोरल बॅगेत भरून आणायचं नाही हे घरातल्या सगळ्यांना निघायच्या आधीच सांगून ठेवा. रिकामे शंख हर्मिट क्रॅब या खेकड्यांचं घर असतात. शिवाय दगडी कोरल आणि जायंट क्लॅम (मोठे शिंपले) साइट्स (CITES) या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, कागदपत्रांशिवाय कस्टम्सला सापडलं तर जप्ती आणि दंडही होऊ शकतो. कॅश सुट्ट्या नोटांमध्ये ठेवा, छोट्या बेटांवर कार्ड चालेलच असं नाही, आणि गावातला गाईड, बोटवाला, घरगुती खानावळ यांच्या हातात पैसे थेट पडले तर ते बेटावरच राहतात. औषधं लागतील तेवढीच घ्या, उरलेल्या गोळ्या, संपलेले सेल, रिकाम्या ट्यूब परत आणायला एक घट्ट झाकणाचा डबा बॅगेत वेगळा ठेवा.