गारठा पडायच्या आत परसातली भाजी कशी उतरवायची

परभणीत राहून थंडीला हलक्यात घेऊ नये हे मला २०१८ च्या डिसेंबरात कळलं. २९ तारखेला इथल्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांवर आला होता, आणि मी आदल्या संध्याकाळी टोमॅटोच्या झाडांकडं बघून "राहू द्या अजून चार दिवस, जरा लाल होतेत" म्हणून घरात निघून गेलेली. सकाळी पानं काळपट, ओली, आणि ऊन वर आलं तशी उकडलेल्या पालकासारखी लोंबायला लागली. टोमॅटो वरून चांगले दिसत होते म्हणून मी खुश, पण दोन दिवसांत त्याच्यावर पाणी भरल्यासारखे डाग पडले न् सगळे लिबलिबीत. दीड टोपलं माल गायीला घातला. आत्या (माझ्या सासूबाई, गंगाखेडकडच्या) एवढंच म्हणल्या, "मी म्हणलं नव्हतं का."

म्हणल्या होत्या. तर त्या वर्षापासून मी त्यांचं ऐकते, आणि जे ऐकलं न् जे चुकून चुकून शिकले ते इथं लिहायलेय, घरामागं चार वाफे न् दोन मांडव असणाऱ्यांसाठी. मोठ्या शेताचं गणित वेगळं.

आधी, कधी उतरवायची. तारीख ठरवून बसू नका. आपल्याकडं समुद्र लांब, हवा कोरडी, दिवसा २८-३० अंश ऊन न् रात्री एकदम ८-१० असला प्रकार, त्यामुळं दुपारच्या उन्हावर विश्वास ठेवला की फसलाच. मी तीन गोष्टी बघते. पेपरात किमान तापमान दोन-तीन दिवस लागोपाठ १० च्या खाली आलं का. संध्याकाळी वारा पडलाय का. आणि आभाळ कसंय. ढग असले तर निवांत झोपा, ढग म्हणजे जमिनीवरचं पांघरूणच, दिवसभराची ऊब वर जाऊ देत नाही. पण आभाळ लख्ख, चांदण्या टपटपीत, पान हलत नाही, असली रात्र आली की जमीन सगळी ऊब सोडून देते न् झाडाच्या बुडाशी हवेपेक्षा दोन-तीन अंश जास्तीच गार होतं. पेपरातला आकडा चार-साडेचार फुटावरच्या तापमापकाचा असतो, तुमची मिरची एक-दीड फुटावर असती, हे लक्षात ठेवा. परसातला सखल कोपरा असंल तर तिथं अजून गार, कारण गार हवा पाण्यासारखी खाली जाऊन साचती. आमच्याकडं हौदाजवळचा वाफा कायम पहिला मरतो.

दिवाळीनंतर तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे मार्गशीर्ष लागला की, मी रोज संध्याकाळी एक चक्कर मारते, हातात पाटी घेऊनच.

तोडायची वेळ सकाळी दहाच्या पुढं, दहिवर वाळल्यावर. ओली भाजी तोडून टोपल्यात भरली की दुसऱ्या दिवशी बुरशी. हातानं ओढू नका, कात्री नाहीतर विळी घ्या, थकलेल्या वेलाला ओढलं की अख्खा मांडव खाली येतो (आलाय आमचा, शेजारच्या भिंतीसकट नाही आला एवढंच नशीब).

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी दुसऱ्या वर्षी केली. भ्यायले आणि दिसंल ते सगळं उपटून आणलं, मेथी, गाजर, मुळा, पालक, कोथिंबीर, वालाच्या शेंगा, सगळं. आत्या डोक्याला हात लावून बसल्या. ह्या भाज्यांना थंडी पाहिजेच असती. गाजर न् पालक तर गारठ्यात गोड होतेत, झाड स्वतःला वाचवायला साखर तयार करतं म्हणून. कोबी-फुलकोबी, वाटाणा, हरभरा ह्यांनाही हात लावायचा नाही. हळदीचे दोन-चार कोंब असतेल तर त्याची पानं पिवळी पडून वाळतेल, पडू द्या, गड्डा जमिनीत सुखरूप असतो. भीती आहे ती फक्त पावसाळी माणसांना: टोमॅटो, भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारलं, दुधी, काशीफळ, मिरची, वांगं.

टोमॅटोपासून सुरू करा कारण त्याच्यातच जास्ती डोकं लागतं. लाल न् अर्धे लाल झालेले तर तोडायचेच. प्रश्न हिरव्यांचा. सगळे हिरवे घरात पिकत नाहीत. जो टोमॅटो भरलाय, चमकायलाय, आणि बुडाला हिरव्याचा जरा पांढुरका झालाय, तो पिकतो. जो बारका, गर्द हिरवा, टणक न् बिनचमकीचा आहे तो पिकत नाही, नुसता सुरकुततो. कळत नसंल तर एक कापून बघा. बिया सुरीखाली सटकल्या, भोवती चिकट गर झालेला असला तर त्या मापाचे सगळे पिकतेल. बिया कापल्या गेल्या तर ते कच्चेच, त्याची चटणी.

पिकायला ठेवायचे म्हणजे खोक्यात पेपर टाकून एकच थर, एकाला एक न चिकटवता, देठाची बाजू खाली. मधी एक पिकलेलं केळ ठेवा. पिकलेल्या केळातून इथिलीन नावाचा वायू निघतो न् त्यानं बाकीचे पिकायला लागतेत, बाजारात घ्यायची गरज नाही कसल्या पावडरीची. वरून पेपर झाका न् खोकं स्वयंपाकघरात ठेवा. उन्हात ठेवू नका, टोमॅटो पिकायला ऊन लागत नाही, ऊब लागती. एक दिवसाआड बघायचं, डाग पडलेला दिसला की लगेच बाहेर, नाहीतर एक सडका दहा सडवतो. आठवड्यापासून पंधरा दिवसांपर्यंत लाल होत राहतेत, सगळे एकदम होत नाहीत हेच चांगलंय, रोज दोन-तीन वरणाला पुरतेत.

आणि फ्रीजमधी हिरवे टोमॅटो अजिबात ठेवायचे नाहीत. ज्या गारठ्यापासून वाचवून आणले त्याच गारठ्यात परत घालायलो आपण! फ्रीज ४ अंशाच्या आसपास असतो, बाहेरच्या रात्रीपेक्षा गार. १२ च्या खाली टोमॅटो बरेच दिवस राहिला की नंतर बाहेर काढला तरी नीट पिकत नाही न् पिकला तरी चव पाण्यासारखी. भेंडी-काकडीचंही तेच, भेंडीवर काळे ठिपके येतेत, काकडी पाणी सोडती. ठेवायचीच झाली तर कागदात गुंडाळून सगळ्यात खालच्या भाजीच्या कप्प्यात, दोन-तीन दिवस, बास.

कच्च्यांची चटणी: फोडी करून लोखंडी तव्यावर थोड्या तेलात परतायच्या, हिरवी मिरची न् लसूण त्याच्यातच, पाणी आटून कडा करपायला लागल्या की भाजलेले शेंगदाणे, तीळ, जिरं, मीठ घालून जाडंभरडं वाटायचं. आंबटपणा पुरेसा असतो, लिंबू पिळू नका. बाजरीच्या भाकरीसंगं. ही चटणी खाऊन आमचे हे म्हणले, दरवर्षी थोडे टोमॅटो कच्चेच ठेवत जा.

काशीफळ (कुणी गंगाफळ म्हणतं, कुणी डांगर, एकच ते) हे खरं तर उतरवायला सोपं न् टिकवायला सगळ्यात भारी, पण लोक घाई करतेत. नख लावून बघा, सालीत नख रुतत नसंल, देठ वाळून लाकडासारखा झाला असंल तर तयार. देठ चार बोटं ठेवून कापा. आणि देठाला धरून उचलू नका हो, पोरांना तर सांगूनच ठेवा. देठ तुटला की तिथून सड सुरू, मग चार महिने टिकणारं फळ पंधरा दिवसांत जातं. धुवायचं नाही, कोरड्या फडक्यानं माती पुसायची. मग आठ-दहा दिवस माळवदावर नाहीतर गच्चीवर उन्हात, रात्री आत घ्यायचं. असं ऊन खाल्लं की साल घट्ट होती, बारके ओरखडे भरून येतेत. मग खाली चुंबळ देऊन ठेवायचं, फरशीवर थेट नाही, आणि एकावर एक तर नाहीच. आत्या जुन्या लुगड्याच्या चुंबळी करतेत न् कपाटावर एका रांगेत बसवतेत, पाहुणे आले की आधी तिकडंच बघतेत. आमचं शेवटचं काशीफळ शिमग्याला फुटतं. नख रुतलं ते कच्चं, ते आधी खाऊन टाका. वेलाचे कोवळे शेंडे न् फुलं राहिली असतेल तर त्याची भजी करा, नाहीतरी गारठ्यात जळणारच आहेत.

दोडका, कारलं, दुधी ह्यांचे वेल डिसेंबरपर्यंत तसेही थकलेले असतेत, पानावर भुरी (पांढरी बुरशी) आलेली असती. कोवळं असंल ते तोडा, जून झालेलं सोडा. कारलं थांबत नाही, आज हिरवं, परवा पिवळं, म्हणून ते आणल्या दिवशीच चकत्या करून मीठ चोळून वाळत घालायचं. गवारीला मीठ घातलेल्या पाण्यात एक उकळी द्यायची, मग आंबट ताकात रात्रभर ठेवून वाळवायची, नंतर तळून खिचडीसंगं. भेंडीच्या चकत्याही वाळतेत. थंडीतलं ऊन कोरडं असतं पण दिवस लहान, तर उन्हाळ्यात दीड दिवसात वाळणाऱ्या काचऱ्यांना आता चार दिवस धरा. आणि दिवेलागणीच्या आत ताट घरात. एक रात्र दहिवरात राहिलं की परत ओलं, मग काळं. वाळलंय का हे बघायला चकती मोडा, कट्कन मोडली पाहिजे, वाकली तर अजून एक दिवस.

भेंडीवरून आठवलं, परसात लावायला "परभणी क्रांती" घ्या, आपल्याच विद्यापीठाची जात, पानं पिवळी करणाऱ्या केवडा रोगाला तग धरावा म्हणून काढलेली. गावाचं नाव आहे म्हणून सांगत नाही, खरंच चांगलीय.

मिरची: लाल झालेल्या तोडून पसरा. हिरव्या आहेत त्याच्यातल्या जाड सालीच्या ताकात घालून सांडगी करा, बाकीचा ठेचा. झाड मात्र उपटू नका, मिरचीचं झाड हलक्या थंडीत नुसतं रुसून बसतं, माघ सरला की परत फुटतं. झाकून ठेवायला पाहिजे फक्त.

झाकायचं कसं तर, ज्या संध्याकाळी आभाळ लख्ख न् वारा बंद दिसला त्या दिवशी चार-पाचच्या सुमारास वाफ्याला पाणी द्या. लोकांना उलटं वाटतं, गारठ्यात पाणी कशाला. पण ओली काळी माती दिवसाची ऊब धरून ठेवती न् रात्री हळूहळू सोडती, कोरडी भेगाळलेली माती लगेच गार पडती. मग चार काठ्या रोवून वरून जुनी सुती साडी नाहीतर पोतं, जमिनीपर्यंत लोंबतं, म्हणजे मातीची ऊब आतच राहती. पानाला टेकू द्यायचं नाही, आणि प्लास्टिक तर टेकूच देऊ नका, जिथं टेकतं तिथं पान जळतं. सकाळी नऊला काढून टाका, विसरलात तर दुपारी आत भट्टी होती. शेतकरी बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतेत, शेतात ते चालतं, कॉलनीत केलं तर शेजारच्या काकू दार वाजवतेत. माझ्याकडं वाजवलंय.

बी ठेवायचं विसरू नका. प्रत्येक वेलावरचा एक चांगला दोडका, एक घोसाळं आधीपासूनच राखून वेलावरच वाळू द्यायचं. ते वाळलेलं असल्यामुळं गारठ्याचं त्याला काही होत नाही. हलवलं की आत खुळखुळ वाजलं पाहिजे. घोसाळ्याची जाळी आंघोळीला न् भांड्याला, बिया चुलीच्या गार राखेत घोळून सुती कपड्याच्या पुरचुंडीत. वर जातीचं नाव लिहा, मी एका वर्षी नाही लिहिलं न् दोडका म्हणून घोसाळ्याचा मांडव घातला, सहा महिने घरात भजीच भजी.

एवढं सगळं करून टोपल्यात थोडं थोडं काहीतरी उरतंच, चार भेंड्या, दोन दोडके, मूठभर गवार, एकटं वांगं. माझं माहेर औशाकडचं, तिकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी शेतात भज्जी न् आंबील. भज्जीत तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे असतेत, गाजर, पालेभाजी, जे हाताला लागंल ते, आणि बेसन लावून घट्ट केलेली. परभणीत आल्यापासून मी परसातलं हे शेवटचं उरलंसुरलं तिच्यातच घालते. माहेरी सांगितलं तर आई म्हणली, भज्जीत भेंडी घालतेत का कुणी. घालतेत, मी घालते.

वांग्याच्या झाडाला मात्र ह्या सगळ्या गडबडीत हात लावू नका. लहान फळं राहू द्या, रात्री झाका, सकाळी उघडा. भोगीच्या भाजीला तेच लागतं, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी मंडईत वांग्याचा काय भाव असतो ते तुम्हाला माहितंच आहे.